फायरप्लेसच्या वरची भिंत: आरसा, सागवान की गिलावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव कॅम्पातल्या जुन्या बंगल्याच्या बैठकीत फायरप्लेस आहे. तिचं दगडी मॅन्टेल, म्हणजे तोंडाभोवतीचे खांब आणि वरची फळी, शाबूत आहे, पण वरची भिंत कोरी आहे आणि तिच्यावर तपकिरी डाग उठलेत. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री जाळ केला जातो. वर सागवानी ओव्हरमॅन्टेल, म्हणजे मॅन्टेलच्या वरची सजावटीची चौकट, करावं, मोठा आरसा लावावा, पीओपीची नक्षी करावी की टीव्ही टांगावा? आणि आजोबांचा मोठा फोटो कुठे लावावा? जाळाचं तोंड ३६ इंच रुंद, ३० इंच उंच. मॅन्टेलची दगडी फळी जमिनीपासून ५२ इंचांवर, ८ इंच खोल. धुराड्याची पुढं आलेली भिंत ६ फूट रुंद, छत १५ फुटांवर. हीच मापं धरून खाली लिहितो.

माझं मत आधी सांगतो. मधे आरसा आणि दोन्ही बाजूंना अरुंद पॅनेल असलेली सागवानी चौकट करा, ती भिंतीपासून इंचभर सुटी ठेवा, आणि तिच्या आजूबाजूची भिंत चुन्याच्या गिलाव्याची ठेवा. पीओपी नको, टीव्ही तर मुळीच नको. पण यातलं कुठलंही काम डागाचं कारण सापडल्याशिवाय सुरू करू नका. मॅन्टेलवरची सजावट बिघडते ती बहुतेक वेळा मागच्या भिंतीमुळे. सुताराचा हात कितीही चांगला असला तरी ओली किंवा तापणारी भिंत त्याचं काम दोन पावसाळ्यांत उघडं पाडते.

डाग आधी नीट वाचा. डाग छताकडून खाली ओघळल्यासारखा असेल आणि जून ते सप्टेंबरमध्येच गडद होत असेल, तर पाणी कौलं आणि धुराडं यांच्या सांध्यातून येतंय. तिथला पत्रा किंवा चुन्याची कड निसटलेली असते. डाग मधेच ठिकठिकाणी असेल, पाऊस नसतानाही दमट दिवशी ओलसर लागत असेल आणि कोरड्या दिवसांत नाहीसा झाल्यासारखा वाटत असेल, तर ते काजळीतले क्षार आहेत. वर्षानुवर्षं लाकूड जळलं की धुरातले क्लोराइड आणि नायट्रेट विटांत मुरतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. बेळगावात पावसाळाभर हवा दमट असते, खानापूर-जांबोटीकडे तर त्याहून जास्त, त्यामुळे अशी भिंत चार महिने वाळतच नाही. तिसरा प्रकार म्हणजे मॅन्टेलच्या फळीच्या लगेच वर काळपट पंखा उमटणं. तो ओलीचा डाग नव्हे. धूर खोलीत येतोय, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या दोन्ही प्रकारांत काम छपरावरून सुरू होतं. धुराड्याच्या चार कोपऱ्यांवर विटांचे बुटके खांब उभारून त्यावर दगडी लादी ठेवायची. लादी चारी बाजूंनी ४ इंच बाहेर काढायची आणि तिच्या खाली ९ ते १२ इंच मोकळी जागा ठेवायची. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, म्हणून लादी विटांबरोबर सपाट कापली तर तिचा उपयोग होत नाही. मोकळ्या जागेला अर्धा ते पाऊण इंची जाळी बसवा. त्याहून बारीक जाळी काजळीनं बुजते, त्याहून मोठीतून साळुंक्या आत घरटं करतात. पेटवण्याआधी धुराड्याच्या नळीत मधमाश्यांचं पोळं किंवा घरटं नाही ना, हे दरवर्षी पाहायलाच हवं. कॅन्टोन्मेंट हद्दीत बाहेरच्या बांधकामात बदल करायचा, म्हणजे धुराडं उंच करायचं किंवा उतरवायचं, तर कॅन्टोन्मेंट कायदा २००६ प्रमाणे बोर्डाची मंजुरी लागते. आधी अर्ज करा, मग गवंडी बोलवा.

मग आतली भिंत. डागाच्या कडेपासून चारी बाजूंना एक फूट जास्तीचा गिलावा खरवडून काढा, विटांच्या सांध्यातली सैल माती अर्धा-पाऊण इंच कोरा, कोरड्या ब्रशनं क्षार झाडा. पाण्यानं धुऊ नका, धुतलं की ते परत आत मुरतात. झाडलेली पूड गोळा करून बाहेर टाका. भिंत उघडी ठेवून एक उन्हाळा जाऊ द्या. ही थांबण्याची पायरी सगळ्यांनाच नको असते, पण तिला पर्याय नाही. नंतर भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, आणि पहिल्या थरात इंचभर कापलेला ताग. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, दुसरा ८, आणि वर नीरूचा, म्हणजे बारीक गाळलेल्या चुन्याचा, २-३ मिलिमीटरचा हात. पहिला थर अंगठ्यानं दाबून खळगा पडेनासा झाला की दुसरा. प्रत्येक थर तीन-चार दिवस हलकं पाणी शिंपडून ओलसर ठेवायचा. वर चुन्याची सफेदी. सिमेंटचा गिलावा, वॉलपुट्टी, ऑइलपेंट, वॉटरप्रूफ रंग यांतलं काहीही इथे लावलं की आतली ओल अडते आणि क्षार फुलून पापुद्रे सुटतात. जांभ्याची भिंत असेल तर हे आणखी लवकर होतं, कारण जांभा पाणी भरपूर पितो.

धूर खोलीत येत असेल तर नळीचं माप तपासा. नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहावा हिस्सा हवं. तुमचं तोंड ३६ गुणिले ३०, म्हणजे १०८० चौरस इंच. त्याला १०८ चौरस इंचांची, म्हणजे ९ बाय १२ इंचांची नळी लागते. नळी त्याहून लहान असेल तर तोंड विटांनी थोडं कमी करणं हा स्वस्त उपाय. छपराबाहेर धुराडं किमान ३ फूट उंच आणि १० फुटांच्या आतल्या आढ्यापेक्षा किमान २ फूट उंच असावं. हे जमेपर्यंत वर आरसा किंवा लाकूड लावलं तर एका हिवाळ्यात कोरीवकाम काजळीनं भरेल.

भिंत कोरडी झाली की तापमान मोजा. फळीच्या लगेच वर, तिथून ६ इंचांवर, १२ इंचांवर आणि २४ इंचांवर भिंतीला साधे थर्मामीटर चिकटवा आणि नेहमीइतका जाळ दोन तास चालू ठेवा. अर्ध्या तासाचं मोजमाप फसवं असतं, कारण वीट उशिरा तापते आणि जाळ विझल्यावरही काही वेळ तापत राहते. कुठल्याही ठिकाणी ५० अंश सेल्सियसच्या वर गेलं तर तिथे लाकूड, आरसा, फोटो काहीच नको. ८ इंच खोल दगडी फळी गरम हवेला पुढे ढकलते, त्यामुळे तुमच्याकडे बहुतेक अडचण यायची नाही. ३-४ इंचांची फळी असलेल्या फायरप्लेसला मात्र ही चाचणी टाळू नये.

लाकूड तोंडापासून किती लांब ठेवावं, याचा अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीतला आकडा आपल्या सुतारांच्या मापात सुरेख बसतो. तोंडापासून ६ इंचांच्या आत जळणारं काहीही नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात जेवढे इंच अंतर, तेवढे सूत पुढे आलेलं चालतं, म्हणजे इंचाला एक सूत. ८ इंचांवरची सागवानी पट्टी ८ सूत, म्हणजे १ इंचच पुढे येऊ शकते. १२ इंचांवर दीड इंच. तुमचं तोंड ३० इंचांवर संपतं आणि ओव्हरमॅन्टेल ५२ इंचांवर सुरू होईल, म्हणजे मधे २२ इंच दगड आहे. हे चांगलं अंतर आहे. मॅन्टेलच लाकडी असेल आणि त्याचे उभे खांब तोंडाला चिकटून असतील, तर वरच्या सजावटीआधी तोंडाभोवती ६ इंचांची दगडी किंवा विटांची पट्टी करून घ्या.

आता आकार. १५ फूट उंच खोलीत दोन फुटांचा आरसा हरवून जातो. सजावटीची रुंदी मॅन्टेलच्या फळीच्या टोकांएवढी नको, खालच्या दोन दगडी खांबांच्या बाहेरच्या कडांएवढी हवी. खांबांची रेघ वर चालू राहिली की सगळं मिळून एकच वस्तू दिसते. तुमच्याकडे ती ५४ इंच धरू. उंची ४५ इंच, म्हणजे वरची कड ९७ इंचांवर येते, आणि तिच्या वर सात फूट साधी भिंत उरते. ती साधीच राहू द्या. ठरवण्याआधी खाकी कागद पूर्ण मापात कापून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस दारातून, खुर्चीतून, संध्याकाळच्या दिव्यात पाहा. पाच-सहा इंचांचा फरक आराखड्यावर कळत नाही, कागदावर लगेच कळतो.

या जागेचा इतिहास थोडा सांगतो, कारण त्यावरून काय शोभेल ते ठरतं. इंग्लंडमध्ये ट्यूडर काळापासून मॅन्टेलवर कुलचिन्हं आणि लाकडी किंवा गिलाव्याची नक्षी असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मोठ्या काचा ओतता येऊ लागल्या आणि धुराड्याच्या भिंतीवर आरसा आला. फळीवरच्या मेणबत्त्यांचा उजेड दुप्पट करणं हे त्याचं काम. व्हिक्टोरियन काळात आरशाभोवती बारक्या फळ्या, खांब, कंगोरे यांची गर्दी झाली, आणि तोच नमुना छावण्यांच्या गावांतून इकडे आला. इथल्या हातांनी तो सागवानात केला तेव्हा त्यात वेल आणि कमळ शिरलं. म्हणून नक्षीसाठी परदेशी कॅटलॉग चाळण्यापेक्षा बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, पाहून या. १२०४ साली रट्टांच्या राजवटीत बांधलेल्या त्या बस्तीच्या मंडपाच्या छतातलं कमळ, पाकळ्यांचे थर कसे एकामागे एक सरकवायचे, हे सुताराला कुठल्याही चित्रापेक्षा जास्त शिकवतं. आठ पाकळ्यांचं १० इंची कमळ सव्वा इंची फळीत कोरलं तर खोली निदान चार सूत हवी. ही भिंत लोक दहा-बारा फुटांवरून बघतात. दोन सुतांपेक्षा उथळ रेघ तिथून दिसत नाही, ती फक्त धूळ धरते.

लाकूड सागवानच. शिसव दिसायला राजेशाही, पण जड आणि महाग. फणस चालतो, त्याचा पिवळा रंग हळूहळू तांबूस होतो. किंजळ आणि ऐन ही लाकडं चौकटीच्या मागच्या पट्ट्यांना ठीक, पुढे नको, वाकतात. दांडेलीला वनखात्याचा लाकूड डेपो आहे. कुठूनही घ्या, बिल आणि वाहतुकीचा परवाना हातात घेतल्याशिवाय लाकूड हलवू नका. निपाणी, शहापूर, खानापूरकडे जुने वाडे उतरतात तेव्हा मिळणारं सागवान या कामाला सर्वांत उत्तम, कारण ते कित्येक दशकं मुरलेलं असतं. फक्त रंध्याखाली धरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा, आणि टोकं पोखरलेली नाहीत ना ते पाहा.

५४ बाय ४५ इंचांच्या चौकटीचा हिशेब असा. दोन्ही टोकांचे उभे साडेतीन इंच रुंद, आतले दोन उभे ३ इंच, वरचा-खालचा आडवा ४ इंच, सगळे सव्वा इंच जाड. दोन बाजूंची पॅनेल दिसायला ६ इंच रुंद आणि ३७ इंच उंच, पाच सूत जाडीची. मधे आरशाला २९ बाय ३७ इंच. वर ५८ इंच लांबीची, ३ बाय ३ इंचांतून काढलेली कंगोऱ्याची कार्निस. निव्वळ लाकूड साधारण सव्वा घनफूट, छाटछूट धरून पावणेदोन घनफूट आणा. वजन सुमारे २२-२३ किलो. आरसा ५ मिलिमीटरचा घेतला तर ९ किलो, मागचं ६ मिलिमीटर प्लाय अडीच किलो. एकूण ३५ किलो धरा. टांगण्याची सोय या आकड्याला कमीत कमी तिप्पट हवी.

लाकूड त्याच खोलीत तीन-चार आठवडे ठेवा आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरवर १० ते १२ टक्के आल्यावरच कापा. जाळ असलेल्या खोलीत लाकूड इतर कपाटांपेक्षा जास्त हलतं. पावसाळ्यात ते पाणी घेतं, जानेवारीत जाळासमोर कोरडं पडतं, दोन्हींत सहज ६ टक्क्यांचा फरक पडतो. सागवान आडव्या रेषेत ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के हलतं. १२ इंची पॅनेल म्हणजे वर्षाकाठी ३ मिलिमीटरच्या वर. तुमचं ६ इंची पॅनेल खाचेसह पावणेसात इंचांचं, ते जवळजवळ २ मिलिमीटर हलेल. म्हणून पॅनेल खाचेत सुटं बसवायचं, दोन्ही बाजूंना एकेक सूत जागा ठेवून, गोंदाचा थेंबही न लावता. जास्तीत जास्त वर-खाली मधोमध एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, मारा, म्हणजे पॅनेल दोन्हीकडे सारखं हलेल. गोंद लावलेलं पॅनेल पहिल्याच हिवाळ्यात मधून उभं चिरतं आणि मग ती चीर कितीही भरली तरी परत उघडते. पॅनेलला पॉलिश चौकट जुळवण्याआधी करा. नंतर केलं तर आकसल्यावर कडेला कोरी पांढरट रेघ दिसते.

चौकटीचे कोपरे भोक-कुसवाचे, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं टोक (कुसू) दुसऱ्याच्या भोकात बसवलेले, कुसू जाडीच्या तिसऱ्या हिश्शाचं, खुंटी मारून पक्कं केलेलं. पंचेचाळीस अंशांत कापून नुसते खिळे मारलेले कोपरे जाळावर टिकत नाहीत, आतल्या बाजूनं उघडतात. कार्निस चौकटीला मागून स्क्रूनं धरा, स्क्रूची भोकं लांबट करा, म्हणजे ती हलू शकेल. कोरीव कमळ वेगळं करून मागून दोन स्क्रूंनी लावा, नुसतं चिकटवू नका.

पॉलिशबद्दल दोन गोष्टी ठाम सांगतो. लाखेचं स्पिरिट पॉलिश दिसतं सुंदर, पण उष्णतेनं मऊ पडतं आणि पावसाळ्यात पांढरं धरतं. इथे उकळलेलं जवसाचं तेल तीन हात, प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून, मधे एक-दोन दिवस सोडून, आणि शेवटी मेणाचा हात. दरवर्षी दिवाळीआधी एक हात पुरतो. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या बाहेर तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

आरसा कापताना चौकटीच्या मापाला घट्ट कापू नका. मागच्या खाचेची रुंदी तीन सूत असेल तर खाचेचं माप पावणेतीस बाय पावणेअडतीस इंच होतं, आणि काच साडेएकोणतीस बाय साडेसदतीस. चारी बाजूंना एकेक सूत मोकळं. खालच्या कडेला दोन ठिकाणी रबराच्या किंवा कातड्याच्या पट्ट्या ठेवा, काच त्यांच्यावर उभी राहील. आंबट वास येणारं सिलिकॉन आरशाला कधीही लावू नये. त्यातलं ॲसिटिक ॲसिड मागचा चांदीचा थर खातं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुढून काळे डाग दिसतात. लावायचंच तर दुकानात ‘न्यूट्रल’ असं विचारून घ्या. खरं तर लाकडी पट्ट्यांनी मागून धरलेला आरसा सर्वांत चांगला, कारण पुढे काच बदलता येते. प्लाय आणि काच यांच्यामध्ये दोन सूत हवा राहू द्या.

घरात जुना आरसा असेल आणि तोच वापरायचा असेल तर त्याची पाठ नीट पाहा. चांदीचा थर देण्याची रासायनिक रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या काही दशकांतल्या आरशांना कथील आणि पाऱ्याचा मुलामा असे. असा आरसा जरा निळसर करडा दिसतो, खराब झालेल्या जागी बारीक स्फटिकांसारखी चमक असते आणि क्वचित खालच्या कडेला पाऱ्याचे थेंब सापडतात. तो खरवडू नका, जाळावर लावू नका, मुलांच्या खोलीत ठेवू नका. साध्या चांदीच्या जुन्या आरशाच्या कडा काळवंडल्या असतील तर तशाच राहू द्या. पुन्हा मुलामा चढवला की जुन्या काचेतला मऊपणा जातो.

टांगणं हे या कामातलं सर्वांत धोक्याचं पाऊल. जाळाच्या तोंडावरची भिंत बऱ्याचदा अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची असते, आणि तिच्यामागे लगेच नळी. ड्रिल आरपार गेलं तर त्या भोकातून धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येईल. म्हणून गिलाव्याची जाडी सोडून विटेत ६० मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खूण करा. तोंडातून टॉर्च लावून वर पाहा, नळी कुठे वळते त्याची भिंतीवर खडूनं रेघ काढा, आणि मधला दीड-दोन फूट पट्टा पूर्ण मोकळा सोडा. सगळे स्क्रू दोन्ही बाहेरच्या भागांत घ्या.

माझी पसंती तिरक्या पट्टीला. ४८ इंच लांब, ३ इंच रुंद, १ इंच जाड सागवानी पट्टी घ्या. तिची वरची कड पंचेचाळीस अंशांत अशी चिरा की उतार भिंतीकडे येईल. ती भिंतीवर पातळीत बसवा. चौकटीच्या मागे तशीच उलटी पट्टी लावा आणि चौकट वरून अडकवा. वजन पूर्ण पट्टीवर पसरतं, चौकट काढून धुराड्याची भिंत तपासता येते, आणि मागे आपोआप इंचभर हवा राहते. खाली तेवढ्याच जाडीचे दोन ठोकळे लावा म्हणजे चौकट पुढे झुकणार नाही. वर आणि खाली फट मोकळी ठेवा, हवा फिरली पाहिजे. कडेनं सिमेंट किंवा पुट्टी भरून ‘फिनिशिंग’ करायला कुणी सुचवेल, त्याला नाही म्हणा. चौकटीचं वजन दगडी फळीवरही टेकवू नका, फळी आणि चौकट यांत दोन सूत फट ठेवा.

भिंत विटेची असेल तर भोकं विटेत घ्या, सांध्यात नको. ८ मिलिमीटरचे नायलॉन प्लग, प्रत्येक बाजूला तीन, चुन्याच्या जुन्या भिंतीत फुगणारे लोखंडी बोल्ट नकोत. जांभ्यात ते बोल्ट तर दगडच फोडतात. जांभ्यात ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा, ते फुंकून स्वच्छ करा, जाळीची नळी घालून रासायनिक अँकर, म्हणजे भोकात कडक होणारा चिकट मसाला, भरा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. त्या अँकरला किती तापमान चालतं तेही डब्यावर पाहा. जुनी रीतही तितकीच भरवशाची आहे: मागे रुंद, पुढे अरुंद असा सागवानी ठोकळा कोरलेल्या खळग्यात चुन्यानं गच्च बसवायचा आणि पट्टी त्याला स्क्रूनं धरायची. काम झाल्यावर धुराची चाचणी घ्या. खिडक्या उघड्या ठेवून ओला पाचोळा पेटवा, वरून नळी ओल्या गोणपाटानं थोडा वेळ झाका, आणि प्रत्येक स्क्रूपाशी धूर दिसतो का पाहा. दिसला तर ते भोक चुन्यानं बुजवून जागा बदला.

लाकूड नकोच असेल तर चुन्याच्या गिलाव्यातली नक्षी हा चांगला पर्याय. पत्र्याचा साचा कापून लाकडी पाट्यावर बसवतात आणि तो भिंतीवर सरकवत चौकटीचे कंगोरे ओढतात. एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त थर नको. मधलं कमळ किंवा वेल वेगळ्या साच्यात ताग घालून ओततात आणि पितळी स्क्रूनं बसवतात. पीओपी का नको, तर तो जिप्समचा असतो आणि जिप्समच्या आत पाणी बांधलेलं असतं. बावन्न अंशांच्या आसपास सतत उष्णता मिळाली की ते पाणी सुटू लागतं, पीओपी भुसभुशीत होतो आणि बारीक चिरा पडतात. वर दमट हवा आणि क्षार आले की काम तमाम. जाळ कधीच पेटत नसेल आणि भिंत कोरडी असेल तर पीओपी चालतो, पण तरीही चुना जास्त काळ टिकतो.

दगडाचा विचार असेल तर वजन पाहा. २० मिलिमीटर जाडीची लादी चौरस मीटरला साधारण ५२ किलो भरते. ती नुसत्या टाइल-अडेसिव्हवर तापणाऱ्या भिंतीला लावणं चूक. स्टेनलेस स्टीलच्या पिना आणि खाली आधार हवाच.

आजोबांच्या फोटोबद्दल. मूळ जुना फोटो जाळाच्या वर लावू नका. कागद आकसतो, काचेला चिकटतो, काजळी फटीतून आत जाते. चांगली प्रत काढून ती आरशाच्या जागी किंवा वरच्या भिंतीवर लावा, मूळ फोटो आतल्या, नळीपासून दूरच्या भिंतीवर. हारासाठी फ्रेमच्या वर भिंतीतच पितळी आकडा घ्या, कारण ओल्या फुलांचं पाणी लाकडावर डाग पाडतं. जाळ करायच्या दिवशी हार काढा, सुकलेला हार गरम हवेच्या झोतात लोंबत ठेवू नये. समई किंवा उदबत्ती दगडी फळीवर ठेवायची तर लाकडी चौकटीच्या बाहेर, टोकाला. महाराजांचा पितळी पुतळा, पितळी तांब्या, असं जड सामान फळीवर खुशाल ठेवा. गोकाकची रंगवलेली फळं आणि खेळणी फळीच्या टोकांना शोभतात, पण जाळाच्या दिवसांत उचलून ठेवा, त्यांचा रंग उष्णतेनं सुटतो.

टीव्हीचं कारण साधं आहे. बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन फुटांवर असतात आणि मॅन्टेलवरच्या टीव्हीचा मध्य साडेपाच फुटांच्या वर जातो. मान दुखते. शिवाय बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेले असतात, आणि त्याच्या तारांसाठी नळीच्या भिंतीत खाच मारावी लागते. ती खाच कुणालाही मारू देऊ नका.

घरात जुनं, काजळीनं काळं झालेलं ओव्हरमॅन्टेल असेल तर नवं करण्याआधी तेच पाहा. मागची पट्टी टोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा खाली पीठ पडलं तर किडा आहे. पुढचा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो, मागच्या पट्ट्याच बदलाव्या लागतात. काजळी आधी मऊ कोरड्या ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढा, मग कोमट पाण्यात थोडा साबण घालून पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा. कॉस्टिक सोडा सागवान काळं करतो. वर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. रंग काढणारी पेस्ट लावून, मास्क घालून, ओलाच खरवडा.

नवं काम बसवल्यावर पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, चौकट एकदा पट्टीवरून उतरवा. मागच्या भिंतीवर डाग परतलाय का, स्क्रू सैल झालेत का, पॅनेलनं खाचेत जागा सोडलीय का ते पाहा, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा. नंतर वर्षातून एकदा, धुराडं झाडताना पाहिलं तरी चालेल.